मुंबईच्या गिरण्या संपामुळे गेल्या का? कापडाच्या धंद्याने जागा कशी बदलली

प्रश्न असा आला आहे: ‘आजोबा लालबागच्या गिरणीत साचेवाले, म्हणजे माग चालवणारे, होते. घरात कायम ऐकलं की संपामुळे गिरण्या बुडाल्या आणि धंदा भिवंडी-सुरतेला गेला. पण भिवंडीचे आणि इचलकरंजीचे माग तर संपाच्या कितीतरी आधीचे आहेत. मग नेमकं काय झालं? एखादा उद्योग एका जागी येतो आणि तिथून उठतो, तो कशामुळे?’

आधी सरळ उत्तर देतो. १८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या संपाने शेवट लवकर आणला. घसरण त्याआधी पंचवीस वर्षं सुरूच होती. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांत देशात विणल्या जाणाऱ्या कापडातले चारांपैकी तीन हिस्से, किंबहुना त्याहून जास्त, गिरण्यांचे होते. संप सुरू झाला तोवर गिरण्यांचा वाटा निम्म्याच्या बराच खाली गेला होता. आज तो पाच टक्क्यांच्याही आत आहे. तेव्हा ‘सामंतांनी गिरण्या बुडवल्या’ हे वाक्य मला कधीच पटलं नाही. अडीच लाख माणसांच्या माथी ते मारलं गेलं आणि त्यांच्या मुलानातवंडांनाही ते खरं वाटू लागलं, याचा मला राग आहे.

माझं सगळं काम विणाईतलं. मुंबईच्या एका गिरणीत साचाखात्यात सुपरवायझर म्हणून लागलो आणि पुढे इचलकरंजी, सोलापूर, भिवंडी या पट्ट्यात सायझिंग आणि मागांचं तांत्रिक काम केलं. त्यामुळे उत्तर मागाच्या बाजूनेच देईन.

मुंबईत कापूस पिकत नाही. कोळसाही नाही. तरी कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ मध्ये कंपनी काढली ती इथे, आणि ताडदेवच्या त्यांच्या गिरणीत १८५६ मध्ये सूत निघू लागलं. का? कारण दावर मुळात व्यापारी, आणि व्यापाराला लागणारं सगळं बंदरात होतं. यंत्रं लँकेशायरहून जहाजाने येत. कोळसाही बराच काळ समुद्रातूनच आला. वऱ्हाड, खानदेश, गुजरातचा कापूस निर्यातीसाठी मुंबईत येतच होता. अमेरिकेतल्या यादवी युद्धाच्या काळात, १८६१ ते १८६५, लँकेशायरला अमेरिकेचा कापूस मिळेना, तेव्हा मुंबईच्या कापूस व्यापाऱ्यांनी अमाप पैसा केला. त्याच सुमारास भोर घाटातून रेल्वे वर चढली आणि १८६९ ला सुएझ कालवा उघडला. सुरुवातीच्या मुंबईच्या गिरण्या मुख्यतः सूत काढत, आणि त्यातलं पुष्कळसं चीनला जाई. समुद्रातून आलेल्या यंत्रावर सूत काढून ते समुद्रातूनच बाहेर पाठवायचं, तर गिरणी गोदीजवळ असणं सोयीचंच होतं.

इथे एक हिशेब समजून घ्या, पुढचं सगळं त्यावर उभं आहे. शेतातून निघालेल्या शंभर किलो कापसातून जेमतेम पस्तीस किलो रुई निघते, बाकी बहुतेक सरकी. म्हणून जिनिंग-प्रेसिंग कायम शेताजवळ राहिलं: हिंगणघाट, खामगाव, यवतमाळ, अकोला. दीडशे वर्षांत ते फारसं हललेलं नाही, कारण सरकी वाहून नेण्याचं भाडं कोणी भरणार नाही. पण एकदा रुईची गाठ दाबली की पुढे वजनात मोठी घट नाही. गाठीपासून सुतापर्यंत साधारण दहा-पंधरा टक्के वाया जातं, सुतापासून कापडापर्यंत त्याहून कमी. म्हणजे सूतगिरणी कापसाजवळ काढा, बंदराजवळ काढा, नाहीतर गिऱ्हाईकाजवळ काढा, वाहतुकीत फार फरक पडत नाही. अशा धंद्याला जागेची सक्ती कच्च्या मालाकडून होत नाही. ती दुसरीकडून येते.

जमशेटजी टाटांनी हे ओळखलं होतं. सगळे मुंबईत गिरण्या काढत असताना ते नागपूरला गेले आणि १ जानेवारी १८७७ ला एम्प्रेस मिल सुरू केली. कापूस दारात, वरोऱ्याचा कोळसा जवळ, रेल्वे आलेली. अडचण होती ती कोरड्या हवेची.

हवेचं जरा सविस्तर सांगतो, कारण बाहेरच्या माणसाला ते पटकन कळत नाही. ताण्याच्या, म्हणजे मागावरच्या उभ्या, सुताला विणण्याआधी खळ लावतात, त्याला सायझिंग म्हणतात. खळीमुळे सुतावर पातळ पापुद्रा बसतो आणि फणीच्या घर्षणात सूत टिकतं. हवा कोरडी पडली की हा पापुद्रा ठिसूळ होतो, त्याची भुकटी मागाखाली पडायला लागते आणि तार तुटू लागतात. एक तार तुटला की माग थांबतो. तार शोधून, गाठ मारून, वहीतून आणि फणीतून (मागावर तार वेगळे धरणाऱ्या भागांतून) ओढून घ्यायचा आणि मग पुन्हा सुरू. सुती कापडाच्या साचाखात्यात हवेतली आर्द्रता ऐंशी टक्क्यांच्या आसपास हवी असते. मुंबईत समुद्र ती वर्षातले बरेच महिने फुकट देतो. इचलकरंजीत एप्रिल-मे मध्ये मागाखालची जमीन ओली ठेवताना तुम्ही पाहाल, ती याच्यासाठी. पुढे आर्द्रता राखणारी यंत्रं सर्रास झाली आणि मुंबईचा हा फायदा जवळपास संपला. नागपूरच्या उन्हाळ्यातही माग चालू लागले.

माणसं आली रत्नागिरी, सातारा, कोल्हापूरकडून. कोकणातून बोटीने, घाटावरून पायी आणि रेल्वेने. गावाकडची जमीन पोट भरेना म्हणून आली आणि गावाशी नातं ठेवून राहिली. त्यात एक गोष्ट लपवू नये. साचाखात्यात पगार बरा होता, पण आडवा धागा घेऊन मागावर ये-जा करणाऱ्या धोट्यातली कांडी बदलताना धोट्याच्या भोकातून सूत तोंडाने ओढून घ्यावं लागे, आणि तोच धोटा दुसरा कामगारही तोंडाला लावणार, या सबबीवर दलित कामगारांना त्या खात्यात घेत नसत. ते त्रासनात, म्हणजे कताईत, कमी पगारावर अडकले. १९२८ च्या संपाच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे रोखठोक ठेवला होता. उद्योग कुठे वसतो याची चर्चा करताना तो कोणाला कुठल्या दारापर्यंत येऊ देतो, हेही मोजायला हवं.

आता मूळ मुद्दा. जुनी गिरणी एकाच आवारात का असायची? पिंजणी, कार्डिंग, कताई, वार्पिंग, सायझिंग, विणाई, घडी, सगळं एकाच भिंतीच्या आत. धंद्याच्या दृष्टीने याची गरज नव्हती, सूत विकत घेऊनही विणता येतं. कारण होतं वाफेचं इंजिन. बॉयलर एक, इंजिन एक, त्याचं अवाढव्य चाक एक. त्या चाकावरून जाड दोर प्रत्येक मजल्यावर जायचे, तिथे छताला लांबच लांब शाफ्ट फिरायचा आणि शाफ्टवरून पट्ट्याने एकेक यंत्र चालायचं. शक्ती दोराने जाईल तेवढ्याच अंतरावर यंत्र. म्हणून इमारत आडवी पसरवण्याऐवजी चार-चार मजले वर चढवली. माग मात्र हादरे देतात, म्हणून साचाखातं बहुधा तळमजल्यावर किंवा शेजारच्या बैठ्या शेडमध्ये, करवतीच्या दात्यांसारख्या छपराखाली, उत्तरेचा उजेड घेणाऱ्या काचांसह. परळ-लालबागच्या ज्या इमारती तुम्ही आज मॉलच्या मागे पाहता, त्यांचा आकार वाफेने ठरवला होता.

१९१५ मध्ये टाटांचं खोपोलीचं जलविद्युत केंद्र सुरू झालं आणि वीज गिरणगावात आली. सह्याद्रीवर पडणाऱ्या पावसाने मुंबईची कोळशाची अडचण सोडवली. गिरणीमालक खूश झाले, आणि योग्यच होतं. पण त्याच विजेने गिरणीचं एकत्र असण्याचं कारणही हळूहळू काढून घेतलं. सुरुवातीला इंजिनाच्या जागी मोठी मोटर बसली आणि शाफ्ट तेच राहिले. मग प्रत्येक यंत्राला स्वतःची मोटर आली. एका मागाला साधारण एका अश्वशक्तीची मोटर पुरते. ती मोटर गिरणीत फिरते तशी भिवंडीतल्या पत्र्याच्या शेडमध्येही फिरते. साध्या मागापुरता गिरणीचा शक्तीतला फायदा तिथेच संपला.

इचलकरंजीचं उदाहरण घ्या. संस्थानचे अधिपती नारायणराव बाबासाहेब घोरपडे यांच्या प्रोत्साहनाने विठ्ठलराव दातार यांनी १९०४ मध्ये तिथे पहिला यंत्रमाग बसवला. मालेगावात १८५७ नंतर उत्तरेतून आलेले मोमीन विणकर होते, हातमागावर लुगडी विणणारे. त्यांनी यंत्रमाग उचलले. भिवंडीतही हातमागाचा वारसा होताच, आणि गिरण्यांनी मोडीत काढलेले माग स्वस्तात मिळायचे. सोलापुरात तेलंगणातून आलेल्या पद्मशाली समाजाने चादर आणि टॉवेलचा धंदा उभा केला. म्हणजे या गावांत विणकर आधीच होते, वीज नंतर आली आणि मुंबईचा टाकाऊ माग त्यांच्या कामी आला.

त्यावर सरकारी धोरणाची भर पडली. १९५० च्या दशकातले निर्णय हातमागाला वाचवण्यासाठी होते. गिरण्यांची विणाईची क्षमता गोठवली गेली. नवे माग बसवायला परवानगी मिळेना. गिरणीच्या कापडावर उत्पादनशुल्क, छोट्या कारखान्याला मात्र सूट. हेतू हातमागाचा होता, फायदा यंत्रमागाने घेतला. विजेवर दहा किंवा जास्त कामगार लावले की तेव्हा फॅक्टरी कायदा लागे, म्हणून एकाच शेडमधले माग भाऊ, बायको, मुलगा यांच्या नावावर चार-चार करून वाटले गेले. कागदावर सहा कारखाने, आत मात्र भिंतसुद्धा नाही. हे मी कितीतरी ठिकाणी पाहिलं आहे आणि त्यात कोणाला काही वावगंही वाटत नसे.

मजुरीतला फरक तर मोठा होता. गिरणीत महागाईभत्ता, प्रॉव्हिडंट फंड, ग्रॅच्युइटी, ईएसआय, रजा. यंत्रमागावर ‘पीक’, म्हणजे आडव्या धाग्याच्या फेऱ्या, मोजून मजुरी. इचलकरंजीत आजही बोलणी होतात ती ५२ पिकांच्या कापडाला मीटरमागे किती पैसे यावर. पाळी बारा तासांची. मुंबईच्या साचेवाल्याकडे परंपरेने दोन माग असत, तिसरा माग देण्यावरून मोठा संघर्ष झाला होता. यंत्रमागावर तोच माणूस चार, सहा, आठ माग सांभाळतो. जाड्याभरड्या साध्या कापडात गिरणी या खर्चापुढे टिकूच शकत नव्हती. मालकांनीही मग नवं यंत्र घ्यायच्या ऐवजी आहे ते दामटलं आणि नफा दुसऱ्या धंद्यात वळवला. काही गिरण्या १९६० च्या दशकातच आजारी पडल्या होत्या. नॅशनल टेक्स्टाईल कॉर्पोरेशन १९६८ ला स्थापन झालं आणि १९७४ ला आजारी गिरण्यांचं राष्ट्रीयीकरण झालं, ते याच कारणाने. संपाच्या आठ वर्षं आधी.

मग छोट्या मागवाल्याला सगळं एकट्याला कसं जमतं? त्याला ते जमत नाहीच, गाव मिळून करतं. सायझिंगला बॉयलर लागतो, आणि एक सायझिंग मशीन शेकडो मागांना बीम, म्हणजे ताण्याचं सूत गुंडाळलेला रूळ, पुरवतं. चार मागवाल्याला ते परवडणं शक्य नाही. पण भरलेली बीम जड असते, दूरवर नेता येत नाही, धक्का लागला तर तार विस्कटतात. म्हणून माग सायझिंगपासून टेम्पो पटकन ये-जा करील एवढ्याच अंतरात राहतात. मागाभोवती वहिफणी करणारे, कांडीवाले, जॉबर, मेंडिंगवाले, घडीवाले, सुताचे दलाल, सुटे भाग ओतणारे, हिशेब ठेवणारे दिवाणजी. ‘खर्चीवाला’ म्हणजे व्यापाऱ्याचं सूत घेऊन फक्त मजुरीवर विणणारा मागधारक. भांडवल व्यापाऱ्याचं, जोखीम मात्र पुष्कळशी खर्चीवाल्याची. गिरणीच्या भिंतीच्या आत जी खाती होती तीच इथे गल्ल्यांत पसरली. इंजिनाने जे एकत्र बांधलं होतं ते इथे बीमच्या वजनाने बांधून ठेवलं. म्हणूनच यंत्रमाग खेडोपाडी विखुरला नाही, आठ-दहा गावांतच दाटला.

आता संपाकडे. अडीच लाख कामगार, साठच्या आसपास गिरण्या. मागण्या पगाराच्या आणि बदली कामगारांना कायम करण्याच्या होत्याच. पण मुंबई औद्योगिक संबंध कायद्याखाली एकाच मान्यताप्राप्त संघटनेला बोलणी करायचा हक्क होता आणि बहुसंख्य कामगारांना ती संघटना नको होती, हे दुखणं खोलवरचं होतं. संप रेंगाळला आणि मालकांवर दबाव आला नाही. का आला नाही? कारण बऱ्याच मालकांनी त्या काळात भिवंडीत आणि इतरत्र यंत्रमागावर कापड विणून घेतलं आणि त्यावर आपला शिक्का मारून विकलं. गिरणी बंद असूनही गिरणीचं कापड बाजारात होतं. संप फसला तो यामुळे. विणाई आधीच बाहेर गेलेली नसती तर असं करणं कोणालाच शक्य नव्हतं. म्हणजे विणाई गिरण्यांबाहेर जाणं हे संपाच्या अपयशाचं कारण आहे. घरोघरी सांगितलं जातं ते याच्या उलट.

आणि जमीन. शहर वाढलं तशी परळची जमीन तिच्यावरच्या मागांपेक्षा कितीतरी महाग झाली. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतल्या ५८ क्रमांकाच्या नियमाने गिरणीची जमीन विकसित करताना एक तृतीयांश महापालिकेला मोकळ्या जागेसाठी, एक तृतीयांश म्हाडाला घरांसाठी आणि उरलेली मालकाला असं सूत्र होतं. २००१ च्या दुरुस्तीने हे सूत्र फक्त मुळात रिकाम्या असलेल्या जमिनीपुरतं उरलं, आणि आवारात बांधकामच जास्त असल्याने वाटणीला फारसं काही राहिलं नाही. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती ग्राह्य धरली. उद्योग महागड्या जमिनीवरून उठतोच, त्याला इलाज नाही. पण उठताना त्या जमिनीची किंमत ज्यांच्या घामाने वाढली त्यांना काय मिळालं, हा निर्णय राजकीय होता आणि तो वाईट झाला, असं माझं ठाम मत आहे.

१९८२ लाच इचलकरंजीत डीकेटीईचं वस्त्रोद्योगाचं अभियांत्रिकी महाविद्यालय सुरू झालं. तोवर या विषयाचं शिक्षण म्हटलं की माटुंग्याची व्हीजेटीआय. माग जिथे गेले तिथे शिक्षणही गेलं, आणि आज त्या भागातल्या चांगल्या कारखान्यांत तिथलेच इंजिनिअर दिसतात. याचं श्रेय त्या गावाला द्यायलाच हवं.

सुरतची गोष्ट वेगळी आहे. तिथे कापसाचा संबंध कमी, पॉलिएस्टरचा जास्त. धागा कारखान्यातून रसायनापासून येतो, तो पावसावर अवलंबून नाही, आणि साडी-ड्रेसचं कापड त्यावर स्वस्त पडतं. लोकांच्या अंगावर टेरिकॉट आणि मग पॉलिएस्टर आलं तसं सुती मागांचं गिऱ्हाईक सुरतेकडे वळलं. कोईंबतूरचं आणखी निराळं: तमिळनाडूत कापूस फारसा पिकत नाही, पण १९३० च्या दशकात पायकाराची जलविद्युत आली आणि सूतगिरण्यांची रांग लागली. आपल्या विदर्भ-मराठवाड्याच्या गाठी आजही तिकडे कताईला जातात. वर गाठीच्या वजनाचा हिशेब सांगितला तो इथे आठवा.

भिवंडीत तर जागा दुसऱ्यांदा बदलते आहे. मुंबईच्या जकातनाक्याबाहेर माल ठेवायची सोय म्हणून आसपासच्या ग्रामपंचायतींच्या हद्दीत गोदामं उभी राहिली. २०१७ ला जीएसटी आला, जकात गेली, तरी गोदामं वाढलीच, कारण महामार्ग आणि मुंबईचं गिऱ्हाईक दोन्ही हाताशी. शेडचं भाडं मागापेक्षा गोदामाला चांगलं मिळतं. साधे माग किलोच्या भावाने भंगारात जाताना पाहणं मला अजूनही जड जातं. दुसऱ्या बाजूला बिनधोट्याचे माग आले: रेपिअर, एअरजेट. साधा माग मिनिटाला दीडशेच्या आसपास पीक टाकतो, एअरजेट सहाशेच्या वर. त्याला वातानुकूल शेड, दाबाची हवा, खात्रीची वीज आणि करोडोंचं कर्ज लागतं. चार मागवाल्याचं हे काम नाही. म्हणजे विजेने जे विखुरलं होतं ते नव्या यंत्राने पुन्हा मोठ्या शेडमध्ये गोळा होतं आहे, फक्त आता शहराबाहेरच्या औद्योगिक वसाहतीत.

उद्याची जागा कोण ठरवेल, असं विचाराल तर माझं उत्तर पाणी. विणाईला पाणी थोडं लागतं. रंगाई-धुलाईला भरपूर, आणि ते घाण होऊन बाहेर पडतं. तिरुपूरमध्ये नोय्यल नदीचा प्रश्न इतका चिघळला की २०११ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाच्या आदेशाने रंगाईचे कारखाने बंद करावे लागले. सांडपाण्याचा थेंबही बाहेर सोडायचा नाही या अटीवर ते पुन्हा उभे राहिले. इचलकरंजीत पंचगंगेची अवस्था सगळ्यांना माहीत आहे. शहराला वारणेतून, मग दूधगंगेतून पाणी आणायच्या योजना निघाल्या तेव्हा त्या काठच्या गावांनी विरोध केला. मला त्यांचं चूक वाटत नाही.

२०२३ मध्ये केंद्राने पीएम मित्र योजनेत सात वस्त्रोद्यान जाहीर केली, त्यातलं एक अमरावतीला. कापूस तिथेच, जिनिंग तिथेच, मग कताई, विणाई, शिलाईही तिथेच व्हावी ही कल्पना. कताईची मला काळजी नाही, ती तिथे टिकेल. शिलाईला यंत्रं स्वस्त आणि हात जास्त लागतात, आणि त्यातले बरेच हात बायकांचे असतात. त्यांच्यासाठी बस आणि सुरक्षित वसतिगृह झालं नाही तर शेड रिकाम्या राहतील. मधली रंगाई मात्र सगळ्यात कठीण. ज्या भागात उन्हाळ्यात प्यायच्या पाण्याचे वांधे असतात तिथे वापरलेलं पाणी शुद्ध करून पुन्हा वापरणारा सामायिक प्रकल्प पहिल्या दिवसापासून चालू हवा. तो आधी उभा राहिला तर कापड अमरावतीतच पूर्ण होईल. नाही राहिला तर कोरं कापड ट्रकमध्ये भरून रंगाईला पुन्हा गुजरातेतच जाईल.